पुढच्या मॉडेलची वाट

“परब, तुमचं मशीन बरोबर आहे. बिघाड तुमच्यात आहे.”

डॉ. साठे असं म्हणाले तेव्हा त्यांच्या हातात माझा ईसीजी होता आणि माझ्या मांडीवर एक साबणाची डबी. ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेचा कागदावर उमटणारा आलेख. साबणाची डबी म्हणजे मी घरी बनवलेला नाडीमापक. दोन्हींवर आकडा एकच होता, चौतीस. निरोगी माणसाची नाडी मिनिटाला साधारण सत्तर-पंचाहत्तर पडते.

डॉक्टरांनी आधी स्वतःचं बोट डबीत घालून पाहिलं होतं. शहात्तर. मग सिस्टरचं. चौऱ्याऐंशी. मग माझं. पुन्हा चौतीस. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी भीती वाटलीच नाही. तीन आठवडे ज्या डबीला मी शिव्या घातल्या ती निर्दोष निघाली, याचा आनंद झाला. माझी बायको सुमन शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की आनंद आवरता घ्यावा लागला.

आता ही डबी काय भानगड आहे ते सांगतो. मी विक्रोळीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात काम करतो आणि राहतो मुलुंडला. घरी संध्याकाळी लोकांचे रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो, तो छंद. या डबीत एका बाजूला टॉर्चचा बल्ब, दुसऱ्या बाजूला उजेडाला जागणारा एक चिमुकला भाग, आणि मध्ये बोट. ठोका पडला की बोटात रक्त भरतं, उजेड किंचित कमी होतो, आणि ते मोजून लाल आकडे दिसतात. सुमनची नाडी ती अचूक मोजायची. खालच्या मजल्यावरच्या कामतांची, त्यांच्या सासूबाईंची, सगळ्यांची अचूक. दिवाळीनंतर फक्त माझी चुकायला लागली. अडतीस, छत्तीस, कधी चाळीस.

मी बल्ब बदलला. कपॅसिटर बदलला. दोन आयसी बदलले. माझी बोटं सोल्डरिंगने राठ झाली आहेत, उजेड आरपार जात नसणार, असा एक सिद्धांतही मांडला. सुमन म्हणाली, “अहो, ती बाकी सगळ्यांची बरोबर दाखवते ना? मग तुमचीच कशी चुकेल?” मी म्हणालो, “तुला त्यातलं कळत नाही.”

तोवर जिना चढताना दम लागत होता. त्याचं खापर मी कँटीनच्या वड्यांवर फोडलं. चक्कर यायची, ती चष्म्याच्या नंबरावर ढकलली. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर एक मत तयार असतं. आरोग्यावरचं मत असं होतं की शरीर हे एक सर्किट आहे, आणि ज्याला सर्किट कळतं त्याला डॉक्टर लागत नाही.

मग एका रविवारी मी गच्चीवर टीव्हीचा अँटेना फिरवायला गेलो. सुमन खाली खिडकीतून ओरडत होती, “आलं... आलं... गेलं!” पुढचं “आलं” मला ऐकूच आलं नाही. डोळ्यांपुढे अंधार, आणि जागा झालो तेव्हा पाण्याच्या टाकीला टेकून पडलो होतो. कठडा तिथून चार पावलांवर होता. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तेवढ्यावरच आम्हाला रिक्षात बसवून मोठ्या रुग्णालयात पाठवलं. डबी मी पिशवीत घालून बरोबर नेली. आता ती डॉक्टरांना दाखवायलाच हवी होती.

डॉ. साठ्यांनी माझ्या आजाराचं नाव सांगितलं, कम्प्लीट हार्ट ब्लॉक. ब्लॉक म्हटल्यावर आपल्याला वाटतं रक्तवाहिनी तुंबली. तसं नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यात विजेचा इशारा तयार होतो आणि तो खालच्या कप्प्यांपर्यंत पोचला की हृदय आकुंचन पावतं. माझ्यात मधला रस्ताच बंद पडला होता. वरचे कप्पे आपले इशारे देत बसलेले, खालचे आपल्या मनाने सावकाश चाललेले. आणि मधूनच ते काही सेकंद थांबतात, तेव्हा मेंदूला रक्त मिळत नाही. गच्चीवर जे झालं त्याला स्टोक्स-ॲडम्स अटॅक म्हणतात, म्हणजे ठोका थांबल्यामुळे येणारी बेशुद्धी.

“म्हणजे वायरिंग फॉल्ट!” मी म्हणालो.

“अगदी तसंच,” डॉक्टर म्हणाले. “पुढचा अटॅक किती सेकंदांचा असेल ते मला सांगता येणार नाही. आज घरी जायचं नाही.”

त्याच दिवशी त्यांनी टेम्पररी पेसमेकर लावला. मानेच्या शिरेतून एक बारीक तार हृदयापर्यंत जाते आणि तिचं दुसरं टोक खाटेजवळच्या एका डब्याला जोडतात. डबा ठरावीक वेगाने विजेचे हलके टोले देतो. डॉक्टरांनी बटण फिरवून सत्तरवर आणलं, आणि काय सांगू! व्होल्टेज कमी असताना लुकलुकणारी ट्यूब एकदम लख्ख पेटावी, तसं झालं. पाय गरम झाले. भूक लागली. महिनाभर जग जरा लांब उभं राहून बोलत होतं, ते जवळ आलं.

डब्याला दोन बटणं होती आणि मी त्यांच्याकडे बघतोय हे सिस्टरच्या लक्षात आलं. त्यांनी त्यावर आडवीतिडवी चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं, पेशंटने हात लावू नये. वॉर्डात पंधरा खाटा होत्या. अशी पाटी फक्त माझ्याकडे.

शेजारच्या खाटेवर सुभेदार कदम होते. चिपळूणकडचे, सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त, आता भांडुपला मुलाकडे. त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. सिग्नल विभाग म्हटल्यावर मला मेजवानीच मिळाली. रोज संध्याकाळी शॉर्टवेव्हवर आखातातल्या लढाईच्या बातम्या ऐकणारा मी, क्षेपणास्त्रांची चित्रं कापून वहीत चिकटवणारा. मी त्यांना माझं लाडकं मत ऐकवलं. यापुढची युद्धं यंत्रंच यंत्रांशी लढतील. रडार बघेल, कॉम्प्युटर नेम धरेल, माणूस लांब सुरक्षित बसून बटण दाबेल. विज्ञान वाढेल तशी माणसं मरायची थांबतील. सुभेदार ऐकून घेत होते आणि मोसंबी सोलत होते. “असं होय,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉ. साठे एक कागद घेऊन आले. टेम्पररी तार थोडेच दिवस ठेवता येते, जंतुसंसर्गाची भीती असते. आता पर्मनंट पेसमेकर बसवायचा, म्हणजे कॉलरबोनखाली कातडीच्या आत एक छोटं यंत्र कायमचं ठेवायचं. लिथियमची बॅटरी, बरीच वर्षं चालणारी. सही करा.

आणि इथे मी, आयुष्यभर यंत्रांची भलामण केलेला माणूस, म्हणालो, “डॉक्टर, जरा थांबू या.”

कारण मला ठाऊक होतं. आमच्या कारखान्याच्या वाचनालयात परदेशी मासिकं येतात. त्यात वाचलं होतं की चालायला लागलं की आपोआप वेग वाढवणारा पेसमेकर येऊ घातलाय. हा जो मला बसवणार तो बापडा एकाच वेगाने चालणार, मी बसलेला असो की जिना चढत असो. वर्षभरात जुनी होणारी वस्तू छातीत कायमची घालून घ्यायची? तोवर गोळ्यांवर काढू.

“गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“विचार करतो,” मी म्हणालो आणि कागद खाटेजवळच्या कपाटात ठेवून दिला.

दुपारी चारला सुमन आली. तिला सगळं कळलं होतं, सिस्टरने दारातच सांगितलं होतं. सुमन म्युनिसिपल शाळेत शिकवते, तिचा आवाज चाळीस मुलांवर तयार झालेला.

“आशियाई स्पर्धांच्या वेळी सगळ्या बिल्डिंगीत रंगीत टीव्ही आले. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी चांगलं मॉडेल येईल. मी काळ्यापांढऱ्यात ओळखत बसले कुठला खेळाडू आपला. मिक्सर घ्यायचा होता, तुम्ही म्हणालात, थांब, अजून सुधारणा होतायत. दोन वर्षं पाट्यावर वाटलं मी. वाटलं की नाही? पण हे नाही चालणार हां. मला पुढचं मॉडेल नको. मला हाच नवरा हवाय, आहे तसा.”

आख्खा वॉर्ड ऐकत होता. सुभेदारांनी उशीत तोंड घातलं होतं, ते हसू दाबायला. मी मात्र पेटलो. तुला त्यातलं कळत नाही, असं पुन्हा म्हणालो. ती जेवणाचा डबा ठेवून निघून गेली. त्या डब्यात माझ्या आवडीची वालाची उसळ होती आणि मी ती खाल्लीसुद्धा, याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं ते माझ्या जातीच्या माणसानेच करावं. बटणांवर चिकटपट्टी होती, पण डब्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची पाटी होती आणि तिच्यावर मॉडेलचं नाव असणार. ते मला वाचायचं होतं. सिस्टर औषधं आणायला गेल्याचं बघून मी कुशीवर वळलो, मान ताणली, डबा जरा फिरवला.

पाटीवरची दोन अक्षरं वाचली आणि अंधार.

आतली तार जागेवरून सरकली होती. हे मला नंतर कळलं. सुभेदार स्वतः हार्टचे पेशंट, पण परेड मैदानावरच्या आवाजात ओरडले म्हणून सिस्टर धावत आल्या. शुद्धीवर आलो तेव्हा डॉ. साठे माझ्या मानेपाशी काहीतरी करत होते. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “नऊ सेकंद. यापेक्षा जास्त मला बघायचे नाहीत.”

ते गेल्यावर मी सुभेदारांना खरं काय ते सांगितलं. सुमनला सांगायचं धैर्य नव्हतं. पुढचं मॉडेल हे निमित्त होतं. मला भीती वाटत होती. वीस वर्षं माझ्याकडे फक्त बिघडलेली यंत्रं आली. जे चालतं ते कोण कशाला माझ्याकडे आणेल? त्यामुळे यंत्र म्हटलं की ते कुठे तुटेल हे मला आधी दिसतं. कुठला जोड सुटेल, कुठे ओल शिरेल. आणि असं एक यंत्र छातीत, जिथे माझा स्क्रू-ड्रायव्हर पोचणार नाही.

सुभेदार उठून बसले. “परब, मी सेट पाठीवर घेऊन दोन लढाया केल्या. मलाही पहिल्यांदा तीच भीती, ऐन वेळी सेट बंद पडला तर? नाही पडला रे कधी. झकास चालायचा. मी हाक मारायचो, मारत राहायचो. पलीकडे उत्तर द्यायला माणूसच उरलेला नसायचा. तू परवा म्हणालास ना, यंत्रं लढतील, माणसं मरणार नाहीत? मी काय बोललो नाही. तुझा चेहरा एवढा खुशीत होता. पण ऐक, तुझ्या पलीकडे अजून माणूस आहे. चार वाजता डबा घेऊन येतं. सही कर.”

त्यावर माझ्याकडे कुठलंही मत तयार नव्हतं. मी कपाटातून कागद काढला.

चारला सुमन आली. मी सही केलेला कागद तिच्या हातात दिला आणि तिची माफी मागितली. उसळीचीही. ती म्हणाली, “सही नीट करायची ना, केवढी वाकडी आलीय,” आणि पदराने डोळे पुसले.

ऑपरेशनबद्दल घाबरू नका, तुमच्यापैकी कुणावर वेळ आली तर. पूर्ण भूल देत नाहीत, फक्त ती जागा बधिर करतात. थोडं ओढल्या-दाबल्यासारखं वाटतं. तासाभराचं काम. मी क्ष-किरणांचा पडदा माझ्याकडे वळवायला सांगितला आणि माझ्याच हृदयात तारेचं टोक थरथरताना पाहिलं. मी चार प्रश्न विचारले. पाचव्याला डॉक्टर म्हणाले, “परब, आता मला काम करू द्या.” यंत्र आत घालण्याआधी त्यांनी मला लांबून दाखवलं. काड्यापेटीहून थोडं मोठं, गुळगुळीत, कडा गोल केलेल्या. कुठेही स्क्रू नाही. उघडायची सोयच नाही! मला ते फार सुंदर वाटलं.

बाहेरच्या बाकावर सुमन घटक चाचणीचे पेपर तपासत बसली होती. त्या गठ्ठ्यातलं एकही मूल नापास झालं नाही.

आठव्या दिवशी घरी आलो. आता थोडं उपयोगाचं सांगतो. डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर उचलायचा नाही. यंत्राच्या माहितीचं कार्ड सतत खिशात ठेवायचं. रोज सकाळी मनगट धरून नाडी मोजायची आणि ठरवलेल्या आकड्यापेक्षा कमी भरली तर दवाखाना गाठायचा, स्वतःचे सिद्धांत मांडायचे नाहीत. कारखान्यात मला आर्क वेल्डिंगच्या शेडपासून लांब ठेवलं आहे. मोठ्या लोहचुंबकाने यंत्राचं काम बदलतं, म्हणून डॉक्टरांनी बजावलं, “लाउडस्पीकर छातीशी धरायचे नाहीत.” दुरुस्तीला आलेला स्पीकर मी आता तान्ह्या मुलासारखा हात लांब करून धरतो, तेही दुसऱ्याचं आणि ओलं असल्यासारखा. बाकी चालणं, जेवण, भांडण, सगळं पूर्वीसारखं.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. पेसमेकर बाहेरूनच हळू करता येतो. डॉक्टरांनी तो मुद्दाम हळू करून पाहिला की माझं हृदय स्वतःहून काय करतं. कागदावर सरळ रेघ आली. लांबच लांब. डॉक्टरांनी लगेच वेग पूर्ववत केला आणि मला म्हणाले, “आता तुम्ही पूर्णपणे यंत्रावर आहात. आपण वेळेत केलं.” सुमनने ती रेघ पाहिली. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला, भर रस्त्यात, स्टेशनपर्यंत. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, असं ती पहिल्यांदा चालली.

पुढे ते चालल्यावर वेग वाढवणारं मॉडेल खरंच बाजारात आलं. मी लेख आवडीने वाचला. जिना मी हळू चढतो, त्यात काही बिघडत नाही. वाटेत दुसऱ्या मजल्यावरच्या कामतांशी बोलणं होतं.

त्या तपासणीनंतर माझ्या मनात एक गोष्ट घोळत राहिली. माझ्या यंत्रातला तारांचा जोड कुणीतरी केला आहे. कुठल्यातरी परक्या गावात, एखाद्या सकाळी, घरी मुलाला ताप असेल, बस चुकली असेल, तरी त्या माणसाने तो जोड नीट केला. नुसता चालेल इतपत नाही. नीट. माझ्याकडे बिघडलेलीच यंत्रं येतात म्हणून अशा माणसांची आणि माझी कधी गाठच पडली नव्हती. कार्डावर कंपनीचा पत्ता आणि यंत्राचा नंबर होता. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि इंग्रजीत पत्र लिहिलं, की हा नंबर ज्याने जोडला त्याला माझे आभार कळवा.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. नाव सांगता येत नाही, कारण एक यंत्र बऱ्याच हातांतून जातं, असं नम्रपणे लिहिलं होतं. सोबत एक फोटो होता. पांढऱ्या टोप्या घातलेल्या अकरा बायका, दोन रांगांत, सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या. एकीचंही तोंड नीट दिसत नव्हतं. आणि एक छापील माहितीपत्रक. त्याच्या शेवटच्या पानावर कंपनीच्या इतर बॅटऱ्यांची यादी होती. पाणबुडीतल्या उपकरणांसाठी, क्षेपणास्त्रांसाठी.

पूर्वीचा मी असतो तर ते पान आधी कापून घेतलं असतं. आता मी ते सुमनला वाचून दाखवलं आणि मला पुढे वाचवेना.

“म्हणजे याच बायका तेही करतात?” तिने विचारलं.

“असतील. किंवा शेजारच्या टेबलावरच्या.”

ती फोटो हातात घेऊन म्हणाली, “त्या दुसऱ्या बॅटऱ्यांचं पुढे काय होतं ते यांना कुणी कळवत नसणार. आपलं चालू आहे ते आपण कळवू या. दर वर्षी.”

म्हणून ज्या दिवशी यंत्र बसवलं त्या दिवशी आम्ही मुलुंडच्या पोस्टातून एक परदेशी पत्र पाठवतो. यंदाचं तिसरं. मजकूर सुमन सांगते आणि मी लिहितो, आणि तो दर वर्षी तेवढाच असतो. वर नंबर, खाली आम्हा दोघांच्या सह्या, आणि मध्ये एक ओळ, की हा माणूस आज सकाळी उठला, चहा प्यायला आणि कामावर गेला.